परत कधी? (टोकियोतली २२ वर्षं)

निशिकासाईकर | २२ मे २०२४, पहाटे ४:१०

परवा रात्री बाबांनी विचारलं, "परत कधी आहे रे तुझं?"

"१४ जूनला," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, चष्मा डबीत ठेवला आणि दिवा घालवायला सांगितला.

हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला तो २००२ मध्ये. तेव्हा 'परत' म्हणजे पुण्याला. आता 'परत' म्हणजे टोकियोला. शब्द तोच, विचारणारे तेच. मधल्या बावीस वर्षांत या शब्दानं तोंड कधी फिरवलं ते आठवून बघतोय, आणि पहाटेची चारची वेळ त्याला बरी आहे. (बाबांना साडेतीनला बाथरूमला न्यावं लागतं, मग मला झोप येत नाही. तिकडे साडेसात वाजून गेलेत, लेक शाळेच्या गडबडीत असेल.)

बाबा मार्चमध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. जपानी कायद्यात घरच्या माणसाच्या शुश्रूषेसाठी एकूण ९३ दिवसांची रजा मिळते, ती घेऊन पुण्याला आलोय. आज ७०वा दिवस. या संकेतस्थळावर इतकी वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, लांबला तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतला. नोकरी करून संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकलो, परीक्षेच्या तेव्हाच्या चार पातळ्यांपैकी तिसरी पास झालो (एन१ ते एन५ हा प्रकार २०१० पासूनचा) आणि फेब्रुवारी २००२ मध्ये एका वर्षाच्या व्हिसावर गेलो. 'दोन वर्षं, फार तर तीन,' असं सगळ्यांना सांगून.

सुरुवातीची वर्षं गुणाकाराची. १०० येन म्हणजे ३९-४० रुपये. तिथे कांदे नगावर मिळतात, आणि मनातल्या मनात गुणाकार करून एक कांदा टोपलीतून काढून ठेवणारा मी एकटाच नव्हतो. दोन खोल्यांत चौघे राहायचो. घरमालक परदेशी माणसाला घर द्यायला नाखूष, आणि जे द्यायचे ते 'रेइकिन' मागायचे. रेइकिन म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाला वाहायची दक्षिणा, महिना-दोन महिन्यांच्या भाड्याएवढी, आणि ती कधीच परत मिळत नाही. टोकियोतल्या निशी-कासाई या भागातल्या यूआर वसाहतींत, म्हणजे साधारण आपल्या म्हाडासारख्या, रेइकिन नाही आणि जामीनदारही लागत नाही. वर तोझाई मेट्रो लाईननं थेट कायाबाचो, ओतेमाची. बँकांची कामं करणारे आम्ही सगळे आयटीवाले तिकडेच कामाला. निशी-कासाईचं 'लिटल इंडिया' झालं ते एवढ्या दोन गोष्टींमुळे. कोणी नारळ फोडून वसवलेलं नाही.

रविवारी रात्री कॉलिंग कार्ड खरवडून फोन. आईचा प्रश्न जेवलास का, बाबांचा परत कधी. उत्तर तयार असायचं: हे प्रोजेक्ट संपलं की.

२००५ मध्ये लग्न झालं, बायको आली. २००७ मध्ये मुलगी झाली. तिथल्या मराठी मंडळातली आम्ही आठ घरं होतो. गणपती पाच दिवसांचा, विसर्जन बादलीत. खरं सांगायचं तर हा काळ सगळ्यात मजेचा, आणि तो टोकियोत घालवला असं म्हणणं अवघड आहे. आम्ही निशी-कासाई नावाच्या कोथरूडमध्ये राहत होतो आणि कामापुरते जपानला जात होतो.

फक्त दर मार्चला कोणीतरी जायचं. जपानी आर्थिक वर्ष मार्चला संपतं, त्याबरोबर प्रोजेक्ट संपतं. मग 'सायोनारा सेल': जाणारा माणूस घरातली प्रत्येक वस्तू किंमत लिहून मांडतो. आमचा राईस कुकर नाशिकच्या एका घरातून नागपूरकरांकडे आणि तिथून आमच्याकडे आला. झाकणाला आतून कोणीतरी मराठीत पट्टी चिकटवलेली आहे: 'डाळीला २ नंबर'. ती कोणी चिकटवली ते आता विचारायलाही कोणी उरलं नाही.

मग ११ मार्च २०११ चा भूकंप. शुक्रवार, दुपारचे २:४६. मी कायाबाचोला आठव्या मजल्यावर होतो. हलण्याबद्दल लिहीत नाही, ते लोकांनी भरपूर लिहिलंय. मला आठवतं ते चालणं. गाड्या बंद पडल्या, म्हणून सुमिदा आणि अराकावा अशा दोन नद्या ओलांडून अडीच तास घरी चालत आलो, आणि संपूर्ण शहर शिस्तीत फूटपाथवरून चालत होतं. कोणी ओरडत नव्हतं. एका सायकलच्या दुकानासमोर मात्र मोठी रांग होती.

पुढच्या आठवड्यात फुकुशिमाच्या बातम्या, दुकानांतलं पाणी गायब. मी बायको-मुलीला पुण्याला पाठवलं आणि स्वतः राहिलो. त्यात शौर्य काही नव्हतं, साहेबाला 'जातो' म्हणायची लाज वाटली. तेव्हा गेलेल्या परदेशी लोकांना 'फ्लायजिन' असं नाव पडलं होतं. परदेशी माणसाला जपानीत गायजिन म्हणतात, त्यावरून. आठ घरांपैकी पाच गेली, त्यातली दोनच परतली. आणि पाच वर्षं नुसती मान लववणारी शेजारची आजी त्या रविवारी दार वाजवून विचारून गेली, "एकटाच आहेस का? जेवलास का?"

आईचा प्रश्न जपानीत पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा.

२०१२ मध्ये दहा वर्षं भरली, कायम वास्तव्यासाठी अर्ज केला. त्याच जुलैत जुनी परदेशी नोंदणीची कार्डं रद्द झाली. सुट्टीवर देशात जाण्याआधी आमच्याच घरी परत यायची परवानगी आम्ही पैसे भरून विकत घ्यायचो (एका फेरीला ३००० येन, अनेक फेऱ्यांना ६०००), तीही वर्षभराच्या आतल्या प्रवासाला लागेनाशी झाली. मग कर्ज, मग फ्लॅट. २०१९ मध्ये आमच्या एदोगावा वॉर्डाच्या निवडणुकीत योगेंद्र पुराणिक निवडून आले. ते जपानी नागरिक झालेले आहेत, मी नाही, त्यामुळे मला मत नव्हतं. तरी स्टेशनबाहेर त्यांचं नाव जपानी लिपीत वाचताना बरं वाटलं होतं.

बाबांनी विचारणं कधी थांबवलं ते मात्र नक्की आठवतं. २०१३ च्या दिवाळीत आलो तर माझ्या खोलीत जळगावचा एक मुलगा राहत होता, इंजिनीअरिंगचा. बाबा म्हणाले, "खोली रिकामी ठेवून काय करायचंय? पोरगा चांगला आहे. तू हॉलमध्ये झोप." मी हॉलमध्ये झोपलो. त्यानंतर साडेदहा वर्षं त्यांनी 'परत कधी' विचारलं नाही, ते परवा विचारलं, उलट्या बाजूनं.

आता मी त्यांना विचारतो, तुम्ही कधी येता? ते फार तर ९० दिवस येऊ शकतात. आईवडिलांना जास्त काळ ठेवून घ्यायची सवलत तिथे उच्चकुशल व्हिसावाल्यांना आहे, तीही घरात सात वर्षांच्या आतलं मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल तर. म्हणजे नातू सांभाळायला आजोबा चालतात, आजोबांना सांभाळायला नाही. आणि कायम वास्तव्य घेतलं की तीही सवलत जाते. आई २०१६ मध्ये गेली, त्यामुळे प्रश्न एकट्या बाबांचा आहे.

परदेशातली सुरुवातीची वर्षं, मधली वर्षं यावर इथे बरंच लिहून आलंय. माझ्या मते ती वर्षं आपल्या हातात नसतात आणि त्या शहराच्याही नसतात. इकडे मुलीची इयत्ता आणि तिकडे वडिलांचं वय, या दोन घड्याळांवर सगळं चालतं. तुमचं काय?

---

खडूस_पेठकर | २२ मे, सकाळी ८:०२

लेख आवडला. दोन सुधारणा. (१) तोक्यो. जपानीत ट नाही. (२) तिसरी पातळी पास होऊन 'जपानी शिकलो' म्हणणारे आमच्या बॅचलाही होते. हलके घ्या.

---

नुसताच_वाचक | २२ मे, सकाळी ८:४०

कुकरच्या पट्टीला +१. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

वाकड_रिटर्न | २२ मे, सकाळी ११:१५

तुमच्या आठपैकी गेलेल्या पाच घरांतला मी असू शकलो असतो (ग्योतोकुला होतो, नदीपलीकडे). २००३ ते २०११. फ्लायजिन म्हणा नाहीतर काही म्हणा, २० मार्चला विमानात बसलो ते बसलोच. आमच्या भागात भराव घातलेली जमीन, रस्त्यातून चिखल वर आलेला. बायको सात महिन्यांची गरोदर. शूर व्हायला वेळ नव्हता.

तुमच्या घड्याळांशी सहमत, पण तिसरं घड्याळ राहिलं: ज्या गावाला परत यायचं ते गाव. मी सोडलं ते नारायण पेठेतलं पुणे. परतलो ते वाकडला. मी गेलो तेव्हा वाकडला लोक उसाचा रस प्यायला थांबायचे. आता तिथे दहाव्या मजल्यावर राहतो, टँकरचं पाणी पितो आणि ऑफिसच्या ग्रुपवर मला 'जपान' म्हणतात. सिग्नलला मागचा हॉर्न वाजवायला लागला की आजही 'सुमिमासेन' (माफ करा) तोंडात येतं. नारायण पेठेत जातो महिन्यातून एकदा, पार्किंग मिळालं तर.

मोठा मुलगा तेव्हा पहिलीत जाणार होता, घडाघडा जपानी बोलायचा. अकरा महिन्यांत सगळं विसरला, स्वच्छ पुसल्यासारखं. परवा त्याला त्याचाच जुना व्हिडिओ दाखवला तर म्हणतो, "बाबा, मी काय म्हणतोय?" मला काही अंशी समजलं, काही मलाही नाही समजलं.

आणि पैशाचं सांगून ठेवतो, कोणाला उपयोग होईल. आठ वर्षं तिथे पेन्शनचा, म्हणजे नेनकिनचा हप्ता कापला गेला. देश सोडल्यावर एकरकमी परतावा मागता येतो, पण तेव्हा तो जास्तीत जास्त तीन वर्षांच्या हिशेबानं मिळायचा. पाच वर्षांचे पैसे तिथल्या म्हाताऱ्यांना दान. (२०२१ च्या एप्रिलपासून ती मर्यादा पाच वर्षं झालीये.)

---

हिशोबी | २२ मे, दुपारी १:३०

@वाकड_रिटर्न, परतावा घेतला नसता तर कदाचित जास्त फायद्यात राहिला असतात. तेव्हा पेन्शनसाठी किमान २५ वर्षं भरावी लागत, म्हणून सगळे उचलून मोकळे व्हायचे. ऑगस्ट २०१७ पासून ती अट १० वर्षांवर आली. त्याआधी १ ऑक्टोबर २०१६ पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार लागू झाला, त्यात दोन्हीकडची वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. उचललेली वर्षं मात्र गेली ती गेली. २०११ मध्ये हे कोणाला माहीत असणार म्हणा.

बाकी तुम्ही सगळे मुलंबाळं, आईवडील म्हणताय, मी येन म्हणतो. २००७ च्या मध्याला १०० येनचे ३३-३४ रुपये होते, २०१२ मध्ये ६५-७०, आता मे २०२४ मध्ये ५३-५४. भूकंपानंतरही जे राहिले त्यांच्या राहण्यात या दुप्पट झालेल्या येनचा वाटा नाही असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं. आज मात्र पुण्यातला चांगला पगार आणि तिथला साधारण पगार यांत तेव्हाएवढं अंतर नाही. ज्याला फक्त पैसे साठवायचेत त्यानं हिंजवडीतच राहावं.

---

सह्याद्रीचा_वारा | २२ मे, दुपारी २:०५

स्वतःच्या मर्जीनं देश सोडायचा आणि मग रडगाणी गायची. बाबांची एवढी काळजी होती तर २००५ लाच यायचं होतं.

---

निशिकासाईकर | २२ मे, दुपारी २:४०

२००५ ला बाबा ६४ वर्षांचे होते, रोज पर्वती चढायचे आणि मला 'येऊ नकोस, तिकडे बरं चाललंय' म्हणायचे. बाकी मुद्दा मान्य.

---

तोझाईवरची_सीए | २२ मे, रात्री १०:२०

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत, म्हणजे भांडण पेटायच्या आत, लिहिते.

निशिकासाईकर, तुमचं लिखाण छान आहे, पण त्यात एक वाक्य आहे: 'लग्न झालं, बायको आली.' एवढंच! बायको आल्यावर काय झालं ते मी सांगते, कारण २००६ मध्ये 'आलेली' एक मी पण आहे.

मी सदाशिव पेठेतली, सीए. नवऱ्याच्या व्हिसावर गेलं की आठवड्याला २८ तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, तेही वेगळी परवानगी काढून. शिवाय भाषा येत नाही. त्यामुळे पुण्यात लोकांच्या ताळेबंदावर सही करणारी मी दोन वर्षं एका भारतीय हॉटेलात दुपारच्या गल्ल्यावर बसले. आईला फोनवर 'अकाउंट्स बघते' असं सांगायचे. खोटं नव्हतं ते.

पहिल्या महिन्यात माझी कचऱ्याची पिशवी वसतीच्या वॉचमन आजोबांनी परत दारात आणून ठेवली, वर कागद चिकटवून. मला वाचता येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी नवरा येईपर्यंत ती पिशवी घरात. चुकीच्या वारी टाकली होती. जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा. हसू नका, मी त्या दिवशी रडले होते. पुरुषांना ऑफिसात कोणीतरी इंग्रजी येणारं भेटतं. आम्हाला भेटतो तो कचऱ्याचा वॉचमन, पोस्टमन आणि बालवाडीच्या बाई.

आणि मला शहर दिसलं ते बालवाडीमुळेच. होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात, एक वही असते, रेनराकुचो. तिच्यात रोज सकाळी पालकांनी लिहायचं: मुलाचा ताप किती, रात्री काय खाल्लं, शी झाली का, किती वाजता झोपलं. संध्याकाळी बाई उलट लिहून पाठवतात. रोज! मी शब्दकोश घेऊन रात्री बसायचे. 'काल पोहे खाल्ले' लिहिलं तर दुसऱ्या दिवशी बाईंचा प्रश्न, पोहे म्हणजे काय? अर्धं पान खर्च करून मी पोहे समजावले: भिजवलेले, चपटे केलेले तांदूळ, हळद, शेंगदाणे. त्यांनी लिहिलं, 'खायला आवडेल.' मी डबा भरून दिला. मग इतर आया रेसिपी विचारायला लागल्या. कुठल्याही वर्गात शिकले नसते एवढं जपानी मी त्या वहीत शिकले. २०१३ मध्ये एका कंपनीच्या हिशेब विभागात मुलाखत दिली तेव्हा त्यांनी विचारलं, लिहिता इतकं चांगलं कसं येतं? मी म्हटलं, मुलाच्या शीबद्दल चार वर्षं लिहितेय. (खरंच म्हटलं. नोकरी मिळाली.)

म्हणजे बघा, तुम्ही लोक 'मजेचा काळ' म्हणता त्या वर्षांत आम्ही नुसता तग धरून होतो, आणि तुम्ही दमायला लागलात तेव्हा आमचं कुठे सुरू झालं. एकाच घरात दोघांची वर्षं वेगवेगळी असतात. आमच्याकडे 'परत जाऊ' हे २०१४ मध्ये नवऱ्यानं पहिल्यांदा म्हटलं, आणि 'आता नाही' मी म्हटलं.

मग २०२०. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आईच्या ऑपरेशनसाठी एकटी पुण्याला आले, तीन आठवड्यांसाठी. विमानं बंद झाली ती झाली. ती थोडी सुरू होईपर्यंत जपाननं मे महिन्यात भारत यादीत घातला: त्या देशांतून येणाऱ्या परदेशी माणसाला प्रवेश नाही, मग त्याचं टोकियोत घर असो, पोटचं पोर असो. जपानी पासपोर्टवाल्यांना येता येत होतं. विषाणूला पासपोर्ट वाचता येत असावा. चौदा वर्षं कर भरला, पीटीएचं काम केलं, वसतीच्या कचरा समितीवर बसले (हो, मीच!), आणि सदाशिव पेठेत खिडकीत बसून विचार करत होते की मी नक्की कुठली. सप्टेंबरपासून परवानग्या मिळू लागल्या, मी ऑक्टोबरमध्ये पोचले, १४ दिवस वेगळी राहिले. मुलगा पाचवीत होता. सहा-सात महिने शाळेची वही नवऱ्यानं भरली. त्याचं जपानी माझ्यापेक्षा कच्चं, बाईंनी लाल पेननं दुरुस्त केलेलं.

त्यानंतर नवरा जपानी नागरिकत्व घेऊ म्हणाला. घेतलं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, दोन्ही देशांत दुहेरी चालत नाही. आम्ही अर्ज आणला, भरला, आणि तो अजून फ्रिजवर आहे, लोहचुंबकाखाली. हे लिहिताना समोर दिसतोय.

---

निशिकासाईकर | २३ मे, पहाटे ४:००

@तोझाईवरची_सीए, तुमचा प्रतिसाद बायकोला पाठवला. तिचं उत्तर: "यांना आपल्याकडे जेवायला बोलव. आणि तू कचरा कधी टाकलायस ते त्यांना सांग." बावीस वर्षांत अगदी मोजक्या वेळा. चूक कबूल.

मुलीचं राहिलं होतं. ती आजोबांशी मराठीच बोलते, पण वाक्याच्या शेवटी 'ने' लावते: "आजोबा, भात छान आहे ने." जपानीत लावतात तसं. बाबांना वाटायचं ती 'ना' चुकीचं म्हणते आणि ते दुरुस्त करायचे. मग एकदा म्हणाले, "राहू दे, अर्थ तोच आहे." आता तेच तिला फोनवर म्हणतात, "पाऊस नाही अजून ने."

---

दुभाषी_चाकण | २३ मे, सकाळी ९:५०

नाणं उलटं करतो. मी चाकणच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी, १२ वर्षं. आमच्याकडे जपानी साहेब येतात तीन ते पाच वर्षांसाठी, बहुतेक एकटे. बायको-मुलं तिकडेच, त्याला त्यांच्यात 'तान्शिन फुनिन' असा रुळलेला शब्द आहे. त्यांच्या 'परत कधी'चं उत्तर हेड ऑफिस देतं, त्यामुळे तुमच्यासारखी घालमेल नसते असं मला पूर्वी वाटायचं.

पहिलं वर्ष तक्रारींचं: हॉर्न, तिखट, पाच मिनिटं म्हणजे नक्की किती. बॅगेत मिसो आणि नूडल्स. सुट्टीला सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जायचं, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे, तिथे बसून गप्प राहायचं. दुसऱ्या वर्षी ड्रायव्हरशी मैत्री. तिसऱ्या वर्षी आमचा एक साहेब ड्रायव्हरच्या गावी राजगुरुनगरला जत्रेला जाऊन आला आणि बगाड बघून आल्याचं त्यानं सोमवारच्या मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं सांगितलं. मला 'बगाड' जपानीत करता येईना.

त्यालाच चौथ्या वर्षी बदलीचा हुकूम आला. निरोपाला मी म्हटलं, घरी जाताय, आनंद असेल. तो म्हणाला, घरी मुलगा कॉलेजला लागला, बायकोची तिची दिनचर्या बसलीये, माझी खुर्ची आता कुठे ठेवायची हे तिला ठरवावं लागेल. तुमच्या जळगावच्या भाडेकरूवरून आठवलं.

---

उंबरठ्यावर | २३ मे, दुपारी १२:१५

सगळ्यांना नमस्कार. मी २४ वर्षांचा, एन२ झालंय, ऑक्टोबरमध्ये टोकियोला (खडूसकाका, तोक्योला) चाललोय. धागा वाचून थोडा घाबरलो, पण खरं सांगू? मला तुमच्यासारखं वाटेल असं वाटत नाही. २००० च्या आसपास सगळ्या जपानात मिळून १० हजारांच्या घरात भारतीय होते, २०२३ अखेर ५० हजारांच्या जवळ पोचले. निशी-कासाईला पाणीपुरी मिळते, भारतीय शाळा आहेत, आईशी रोज व्हिडिओ कॉल होईल. उच्चकुशल लोकांसाठीच्या पद्धतीत पॉइंट भरले तर कायम वास्तव्य तीन वर्षांत, ८० पॉइंट असतील तर एका वर्षात. दहा वर्षं थांबायचंच नाही. मी दोन वर्षांसाठीच जातोय.

एक व्यावहारिक प्रश्न: आई मिक्सर, कुकर आणि शेगडी असं सगळं बांधतेय. नेऊ का?

---

वाकड_रिटर्न | २३ मे, दुपारी १२:२२

"दोन वर्षांसाठीच जातोय." हे वाक्य कोणीतरी फ्रेम करा.

---

तोझाईवरची_सीए | २३ मे, दुपारी १२:५०

मिक्सर नको! तिथे वीज १०० व्होल्टची. पुण्याचा मिक्सर तिथे शेंगदाण्याभोवती नुसता फिरतो, कूट होत नाही. आम्ही ट्रान्सफॉर्मर घेतला होता, तो मिक्सरपेक्षा जड. साधा प्रेशर कुकर ने, गॅसची शेगडी असेल तर चालेल, इंडक्शन असेल तर तसा तळ बघून घे. आणि भाड्याच्या घरात बऱ्याचदा शेगडीच नसते, छताला दिवेसुद्धा नसतात, आधीचा माणूस काढून घेऊन जातो. पहिल्या रात्रीसाठी टॉर्च ठेव. गोडा मसाला भरपूर. आणि कचऱ्याचं वेळापत्रक घराच्या कागदांबरोबर मागून घे, लगेच, त्याच दिवशी.

---

हिशोबी | २३ मे, दुपारी १:१०

आणि नेनकिनचा पहिला कागद जपून ठेव.

---

निशिकासाईकर | २४ मे, पहाटे ३:५०

@उंबरठ्यावर, राईस कुकर विकत घेऊ नकोस. आमचा तो जुना अजून चालतो, पण आता नवीन घेतलाय, त्यामुळे हा माळ्यावर आहे. ऑक्टोबरमध्ये येऊन घेऊन जा, स्टेशनपासून सात मिनिटं. झाकणावरची पट्टी मात्र काढू नकोस.

बाबा काल वॉकर न घेता गॅलरीपर्यंत गेले. जळगावचा मुलगा (तो आता बाणेरला असतो, दर रविवारी येतो) बाजूनं चालत होता, हात न लावता. बाबांनी मला सांगितलं, हा आहे, तू तारीख पुढे ढकलू नकोस. मी ढकलणार होतो हे त्यांना कसं कळलं माहीत नाही. रजा तोवर संपतेय म्हणा, पण बिनपगारी विचारून बघितली होती.

---

खडूस_पेठकर | २४ मे, सकाळी ७:३०

'डाळीला २ नंबर' म्हणजे राईस कुकरमध्ये डाळ शिजते?

---

निशिकासाईकर | २४ मे, सकाळी ७:४४

शिजते. आदल्या रात्री भिजवावी लागते.